आवड असते, मग अडतं कुठे?

दहावीनंतर मुलगी आयटीआयमध्ये शिवणकामाला गेली किंवा तिने बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम घेतला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोर्स झाल्यावर पुढे काय?’ शिकवणाऱ्या बाईंना पडणारा प्रश्न याच्या एक पाऊल पुढचा आहे. उद्योजकतेच्या तासाला मुली मन लावून बसतात, प्रकल्पाची वही देखणी करतात. ‘स्वतःचं काही सुरू करायला आवडेल का?’ असं विचारलं की हात भराभर वर होतात. मग कोर्स संपल्यावर त्यांतल्या इतक्या थोड्या जणी त्या वाटेने का जातात? मुलींना धंद्याची खरी आवडच नसते, की आपलं शिकवणं कमी पडतं?

या प्रकरणात आपण हाच प्रश्न उलगडणार आहोत. त्यासाठी आधी हा वर्ग कसा असतो ते पाहू, मग ‘कल’ कशाचा बनतो आणि तो कसा मोजतात ते समजून घेऊ, आणि शेवटी त्यातला कोणता भाग शाळेला बदलता येतो याकडे वळू.

१. हा वर्ग आला कुठून?

शाळेतच हाताला काम शिकवावं हा विचार आपल्याकडे जुना आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याचा आग्रह धरला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आकडाच ठरवला: उच्च माध्यमिक स्तरावरच्या मुलांपैकी १० टक्के मुलं १९९०पर्यंत आणि २५ टक्के मुलं १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत. महाराष्ट्रात १९८८-८९पासून अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’ सुरू झाले. पुष्कळ शिक्षक त्यांना आजही एमसीव्हीसी म्हणूनच ओळखतात.

ठरवलेला पल्ला मात्र गाठता आला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक अंदाज दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी तरुणांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालं होतं. या शिक्षणाकडे दुय्यम म्हणून पाहिलं जातं, अशी कबुलीही त्याच धोरणात आहे. ‘मार्क कमी पडले म्हणून इकडे आली’ हे वाक्य या वर्गातल्या कित्येक मुलींनी ऐकलेलं असतं. उद्योजकतेचा धडा सुरू होण्याआधीच त्यांच्या मनावर ही एक छाप बसलेली असते.

दुसरी गोष्ट विषय निवडण्याची. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात आणि फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांपैकी कोणताही ट्रेड त्यांना घेता येतो. तरीही घरची आणि गावची सल्लामसलत मुलींना शिवणकाम, ब्यूटी पार्लर, बालसंगोपन, संगणक यांकडेच वळवते. परिणामी एकाच गल्लीत तीन ब्लाउज शिवणाऱ्या असतात, आणि बिघडलेली मोटार बांधून देणारी बाई तालुक्यात शोधून सापडत नाही. उद्योजकतेला पुढे येणारी बरीचशी अडचण अशी प्रवेशाच्या दिवशीच ठरून गेलेली असते.

२. कल कशाचा बनतो?

एखादी गोष्ट आवडणं आणि ती करायला उठणं यांत बरंच अंतर असतं. हे अंतर समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांची मांडणी उपयोगी पडते. १९९१च्या त्यांच्या निबंधानंतर ती जगभर वापरली जाऊ लागली, आणि उद्योजकता शिक्षणावरच्या संशोधनात तर तिच्याशिवाय पान हलत नाही. आयझेन म्हणतात, माणसाचा एखादी गोष्ट करण्याचा इरादा तीन गोष्टींवर उभा असतो. पहिली, ती गोष्ट त्याला स्वतःला कशी वाटते. दुसरी, ज्यांचं मत त्याला मोलाचं वाटतं त्या माणसांना ती कशी वाटते. तिसरी, ती आपल्याला जमेल आणि ते आपल्या हातात आहे, असं त्याला कितपत वाटतं.

हे तीन चुलीचे दगड समजा. एक दगड कितीही भक्कम असला तरी दुसरा बसका असेल तर भांडं कलंडतं. आपला उद्योजकतेचा तास बहुतेक वेळा पहिल्या दगडावरच खर्च होतो: यशस्वी उद्योजकांच्या कहाण्या, ‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा’ अशी भाषणं, चांगल्या उद्योजकाचे दहा गुण. मुलींचे हात वर होतात ते या दगडामुळे. अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडापाशी, आणि तिकडे कुणी वळून बघत नाही.

३. कल मोजतात कसा?

‘आवडतं का?’ या प्रश्नाला वर्गात सहसा कोणी नाही म्हणत नाही. म्हणून अभ्यासक वेगळी रीत वापरतात. रेन्सिस लिकर्ट यांनी ती १९३२मध्ये मांडली. काही विधानं द्यायची आणि प्रत्येकापुढे १ ते ५ गुण ठेवायचे. ‘अजिबात पटत नाही’ला १, ‘पूर्ण पटतं’ला ५. आपण सहा विधानं घेऊ, प्रत्येक दगडासाठी दोन:

(अ) स्वतःचा व्यवसाय करायला मला आवडेल.
(आ) उद्योजकतेचा तास मला उपयोगी वाटतो.
(इ) मी व्यवसाय सुरू केला तर घरचे पाठीशी राहतील.
(ई) माझ्या ओळखीत व्यवसाय करणारी बाई आहे आणि लोक तिला मान देतात.
(उ) केलेल्या कामाचे पैसे मागताना मला संकोच वाटत नाही.
(ऊ) मी कमावलेले पैसे कशावर खर्च करायचे हे मी ठरवू शकते.

समजा, पहिल्या मुलीने क्रमाने ५, ५, २, १, ३, २ असे गुण दिले. बेरीज १८. दुसरीने ३, ३, ४, ४, २, २ असे दिले. तिचीही बेरीज १८. नुसती बेरीज पाहिली तर दोघींचा कल सारखाच दिसतो. मात्र पहिलीला धंदा करायची तीव्र इच्छा आहे आणि घरून पाठबळ नाही. दुसरीला घरचं पाठबळ आहे, पण तिचा स्वतःचा जीव त्यात फारसा रमत नाही. पहिलीसाठी बाईंनी तिच्या आईवडिलांशी बोलायला हवं. दुसरीला अजून चार वाटा दाखवायला हव्यात. आणि पैसे मागणं, पैसे हाती ठेवणं यात दोघींचेही गुण कमी आहेत, म्हणजे तिथे सगळ्या वर्गालाच सराव हवा. एका बेरजेत ही सगळी माहिती बुडून जाते. म्हणून ‘मुलींचा कल अनुकूल आहे’ असा एका ओळीचा निष्कर्ष कुठे वाचला, तर कोणता दगड मोजला हे जरूर विचारावं.

४. पहिला दगड: इच्छा शिकवता येते का?

येते, असं सांगणारा एक गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्‌क्लेलंड यांनी काही तरी करून दाखवण्याच्या ओढीचा अभ्यास केला होता. त्यांचा कडी फेकण्याचा खेळ प्रसिद्ध आहे. जमिनीत खुंटी रोवायची, मुलांच्या हातात कड्या द्यायच्या आणि कुठून फेकायचं ते त्यांच्यावर सोडायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही जण इतके लांब जातात की कडी पडली तर निव्वळ नशिबाने. ज्यांच्यात ही ओढ जास्त, ती मुलं मधलं अंतर निवडतात: अवघड, पण प्रयत्नांनी जमेल इतपत. धंद्यात जोखीम घेणं म्हणजे हेच मधलं अंतर ओळखणं. जुगार खेळण्याशी त्याचा संबंध नाही.

१९६४मध्ये मॅक्‌क्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं शिबिर घेतलं. शिबिराला आलेल्यांनी पुढे न आलेल्यांपेक्षा जास्त हालचाल केली, नवी गुंतवणूक केली, नवे उद्योग काढले. उद्योजक जन्मावा लागतो, या समजाला त्यामुळे तडा गेला. अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था १९८३ची, आणि आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८चं. प्रशिक्षणाने उद्योजक घडतो या विश्वासावरच या संस्था उभ्या राहिल्या.

इथे एक गोष्ट विसरू नये. काकिनाड्याची मंडळी आधीच व्यापारउदीम करणारी प्रौढ माणसं होती. त्यांच्या हाती गल्ला होता, बाजारात ओळख होती. दुसरा आणि तिसरा दगड जागेवर होते आणि शिबिराने पहिला उचलून दिला. सतरा वर्षांच्या मुलीपाशी यातलं काय असतं?

शाळकरी आणि महाविद्यालयीन वयात हीच शिकवण दिली तर काय होतं, याचा एक अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यावसायिक महाविद्यालयाच्या ब्रेडा इथल्या शाखेत विद्यार्थ्यांना छोटी कंपनी काढून वर्षभर चालवायची होती. डेन बॉश इथल्या शाखेत हा कार्यक्रम नव्हता. वर्षाअखेरीला ब्रेडाच्या विद्यार्थ्यांची धंदा काढायची इच्छा तुलनेने कमी झालेली आढळली. अभ्यासकांनी सुचवलेला एक अर्थ असा, की प्रत्यक्ष अनुभव घेतल्यावर मुलांना आपलं बळ आणि कामाचा भार यांचा खरा अंदाज आला.

हा निकाल पचवणं शिक्षकांना जड जातं, पण मला तो आश्वासक वाटतो. तीन महिने हिशेब ठेवून, उधारी वसूल करताना दमून एखादी मुलगी म्हणाली, ‘मी आधी चार वर्षं नोकरी करीन, मग बघू,’ तर तिचं शिक्षण वाया गेलेलं नाही. तिने स्वतःसाठी मधलं अंतर निवडलं आहे.

५. दुसरा दगड: घरचे काय म्हणतील?

बाईने धंदा करणं आपल्या समाजाला नवीन नाही. भारतातल्या कामकरी स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया सरकारी पाहणीत ‘स्वयंरोजगार’ या सदरात मोडतात. ऐकायला हे उत्साहवर्धक वाटतं. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी घरच्या शेतात वा घरच्या दुकानात बिनपगारी मदतनीस असतात. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या सुमारे पाच कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीच्या होत्या १३.७६ टक्के, आणि त्यांतल्या दर शंभरांत ८३ ठिकाणी एकही पगारी माणूस कामाला नव्हता.

म्हणजे मुलगी लहानपणापासून काय पाहते? आई पहाटे उठून खानावळीचे डबे भरते आणि पाटीवर नाव वडिलांचं असतं. बाईच्या कष्टाचा धंदा तिने पाहिलेला असतो, बाईच्या मालकीचा क्वचित. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये दाखवलं, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास स्वतः करून पाहण्याने सर्वांत जास्त येतो आणि त्याखालोखाल आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहून येतो. ‘आपल्यासारखं’ हे महत्त्वाचं. मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षबाईंची चित्रफीत पाहून मुलगी टाळ्या वाजवते. चौकात मसाल्याची गिरणी चालवणाऱ्या काकू वर्गात येऊन ‘पहिल्या वर्षी मला तोटा झाला, मग मी भाव असे बदलले’ असं सांगतात, तेव्हा ती वही काढते.

माणदेशातलं उदाहरण इथे बोलकं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. संस्थापक सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका रात्री लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, आणि व्याजाचे हिशेब आम्ही तोंडी करतो, हवं तर तपासून पाहा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, २००६मध्ये ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायशाळाही सुरू झाली. हिशेबाची अक्कल त्या बायकांकडे आधीपासून होती. जमवावा लागला तो इतरांचा विश्वास.

घरच्यांच्या मतात आणखी एक भीती दडलेली असते, आणि तिच्याबद्दल वर्गात बोललं जात नाही: लग्न. शिवणकाम, मेंदी, पार्लर यांचं गिऱ्हाईक ओळखीवर जमतं. मुलगी सासरी गेली की हातातली कला बरोबर जाते, गिऱ्हाईक मात्र माहेरच्या गावी राहतं. ‘दोन वर्षांसाठी कशाला मशिन घ्यायचं?’ हा वडिलांचा प्रश्न त्यातून येतो. भाषणाने तो सुटत नाही. त्याला व्यवहारातच उत्तर द्यावं लागतं, आणि ते शिकवता येतं. केलेल्या कामाचे फोटो जपणं, गिऱ्हाइकांचे क्रमांक स्वतःकडे ठेवणं, पत्ता बदलला तरी टिकेल अशी नोंदणी आणि खातं स्वतःच्या नावावर करणं, लहानसं मशिन स्वतःच्या मालकीचं ठेवणं. सासरच्या गावी पुन्हा सुरुवात करताना हेच भांडवल कामाला येतं.

६. तिसरा दगड: हातात काय आहे?

आता कायद्याची आणि पैशाची बाजू पाहू. अकरावीतली मुलगी सोळा-सतरा वर्षांची असते. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला करार करता येत नाही, म्हणजेच स्वतःच्या नावावर कर्जही घेता येत नाही. पण बचत खातं उघडता येतं. दहा वर्षांवरील मुलांना ते स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली आहे.

अठरा झाल्यावर दारं उघडतात. २०१५पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि ‘शिशु’ गटात ते ५० हजारांपर्यंत असतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या स्त्रीला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळू शकतं आणि स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात. तारण नको ही सवलत मुलींसाठी फार मोलाची आहे, कारण तारण ठेवण्यासारखी मालमत्ता त्यांच्या नावावर सहसा नसते. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, तरी सातबाऱ्यावर मुलीचं नाव अजूनही सहजासहजी चढत नाही.

कर्ज मिळण्याआधी एक कौशल्य हवं, आणि ते म्हणजे स्वतःच्या वेळेची किंमत लावणं. छोटं गणित करू. समजा, अस्तर घातलेल्या ब्लाउजची शिलाई ३५० रुपये. अस्तर, दोरा, हुक यांचे ९० आणि वीज व मशिनची झीज यांचे २० धरून खर्च ११०. उरले २४०. शिवायला तीन तास लागतात, म्हणजे तासाला ८० रुपये पडले. महिन्याला २० ब्लाउज शिवले तर ७,००० रुपये येतील, २,२०० खर्च जाईल आणि ६० तासांचे ४,८०० उरतील.

आता त्या विसांपैकी सहा ब्लाउज मावशीचे, काकूचे आणि शेजारच्या वहिनींचे. ‘घरचंच आहे, पैसे काय मागायचे?’ आले १४ ब्लाउजचे ४,९००. खर्च तोच २,२००, कारण फुकटच्या ब्लाउजलाही अस्तर लागतंच. उरले २,७००. तास तेच ६०. मोल तासाला ८०वरून ४५वर आलं. कामात काहीच चुकलं नाही, बाजारही पडला नाही, तरी जवळजवळ निम्मी कमाई गेली. ‘धंद्यात काही राहत नाही’ असं म्हणून मशिनवर कापड टाकणाऱ्या कित्येक मुलींचं खरं नुकसान या सहा ब्लाउजमध्ये असतं. हे गणित पाठ्यपुस्तकात यायला हवं, आणि ‘मावशी, शिलाई साडेतीनशे झाली’ हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून त्याचा सराव व्हायला हवा.

७. काम करत शिकवणाऱ्या शाळा

हे सगळं शाळेत होऊ शकतं का? पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. त्याची रीत साधी आहे: गावाला लागणारी खरी कामं विद्यार्थ्यांनी करायची आणि त्यांचा खर्च काढायचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांतून प्रत्येकाला जावं लागतं. त्यामुळे मुलीच्या हाती वेल्डिंगची काठी येते आणि मुलाच्या हाती पोळपाट-लाटणं. कोणतं काम आपलं हे ठरवण्याआधी मुलीने सगळी कामं करून पाहिलेली असतात, आणि प्रवेशाच्या दिवशी होणारी कोंडी इथे टळते.

दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०१९मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गटाने धंदा करून पाहायला प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल दिलं. रक्कम लहान आहे, पण हाती पैसे घेऊन घेतलेला निर्णय प्रकल्पाच्या वहीत लिहिलेल्या निर्णयापेक्षा जास्त शिकवतो.

८. मग करायचं काय?

पहिलं, वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलीने एक तरी खरी विक्री करावी, शाळेबाहेरच्या माणसाला आणि पूर्ण भावाने. दुसरं, प्रत्येकीची हिशेबवही असावी आणि तिच्यात वेळेचा रकाना असावा. तिसरं, पालकसभेत मुलींनी आपले हिशेब स्वतः मांडावेत, कारण बाईंच्या शिफारशीपेक्षा मुलीने दाखवलेले ४,८०० रुपये वडिलांना लवकर पटतात. चौथं, दर महिन्याला गावातली एक व्यावसायिक स्त्री वर्गात यावी आणि तोट्यासकट सगळं सांगावं. पाचवं, बारावी संपेपर्यंत प्रत्येकीचं स्वतःचं खातं असावं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर पॅन कार्ड आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी यांचा अर्ज तिने स्वतः भरून पाहावा. जुलै २०२०पासून सुरू झालेली ही उद्यम नोंदणी मोफत आहे. सहावं, वर्षअखेरीला कल पुन्हा मोजावा आणि तीनही दगडांचे गुण वेगवेगळे लिहावेत.

यासाठी नवी इमारत लागत नाही आणि मोठं अनुदानही लागत नाही. वेळापत्रकातले भाषणाचे तास कमी करून व्यवहाराचे तास वाढवावे लागतात, एवढंच.

दुकान काढायचं की नोकरी धरायची, हे मुलीने ठरवायचं आहे. ते ठरवण्याच्या दिवशी तिच्याकडे स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या हाताने लिहिलेली हिशेबवही आणि कामाचे पूर्ण पैसे मागण्याची सवय असली पाहिजे. ही जबाबदारी शाळेची आणि घराची आहे, आणि तिची सुरुवात याच वर्षी करता येते.